स्पर्धात्मक नेमबाजीसाठी पिस्तूल-काडतुसाची कार्बाइन : तुलना नेमकी कशाची करावी?

पिस्तुलाचे काडतूस वापरणाऱ्या कार्बाइनचा (आखूड रायफलीचा) विषय निघाला की चर्चा बहुतेक वेळा एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते : कोणती कार्बाइन खांद्याला कमी धक्का देते? पहिली दोन वर्षे मीही हाच प्रश्न विचारत होतो आणि त्याच्या उत्तरावर पैसे खर्च करत होतो. आता माझे मत बदलले आहे, आणि ते का बदलले हे सविस्तर मांडावे म्हणून हा धागा काढला आहे. माझे म्हणणे असे, की स्पर्धेसाठी कार्बाइन घेताना आधी मॅगझिन निवडावे, त्यानंतर बोल्टची, म्हणजे काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणाऱ्या तुकड्याची, यंत्रणा पाहावी आणि धक्क्याचा विचार सर्वांत शेवटी करावा.

ज्यांना या गटाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. अमेरिकेतील यूएसपीएसए या नेमबाजी संघटनेने २०१६ मध्ये आपल्या स्पर्धांत या कार्बाइनना वेगळा गट दिला आणि पुढे आयपीएससी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या स्पर्धांतही त्यांना जागा मिळाली. या गटात सर्वांचे गुण ‘मायनर’ पद्धतीने मोजले जातात, म्हणजे कागदी लक्ष्यावरील ए भागाला ५, सी भागाला ३ आणि डी भागाला १ गुण मिळतो. मोठ्या काडतुसाला जादा गुण नसल्यामुळे जवळजवळ प्रत्येक जण ९ मिलिमीटरच वापरतो. मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की हिट फॅक्टर निघतो, आणि सगळी क्रमवारी त्यावर ठरते.

आता साधे गणित पाहू. एखाद्या स्टेजवर (स्पर्धेतील एका टप्प्यावर) १२ कागदी लक्ष्ये आहेत आणि प्रत्येकावर दोन गोळ्या मारायच्या आहेत, म्हणजे जास्तीत जास्त १२० गुण. ते सगळे गुण १५ सेकंदांत मिळवले तर हिट फॅक्टर ८.०० येतो. समजा अधिक मऊ चालणारी कार्बाइन घेतल्यामुळे एकाच लक्ष्यावरील दोन गोळ्यांमधील वेळ ०.१८ वरून ०.१६ सेकंदावर आला. बारा लक्ष्यांवर मिळून ०.२४ सेकंद वाचले आणि हिट फॅक्टर ८.१३ झाला. उलट एकच काडतूस अडकले आणि ते मोकळे करण्यात तीन सेकंद गेले, तर हिट फॅक्टर ६.६७ वर येतो. मऊपणाने पूर्ण स्टेजभर जे कमावले त्याच्या दहापट एका अडथळ्याने जाते. हा हिशेब मी वहीत मांडला त्या दिवसापासून माझा तुलनेचा क्रम उलटा झाला.

हा हिशेब मांडण्याची वेळ का आली तेही सांगतो. एका स्पर्धेत माझ्याकडे तळाला जादा क्षमतेची टोपी बसवलेले मॅगझिन होते. सरावात ते पूर्ण भरून मी फार तर दहा-पंधरा गोळ्या झाडत असे, त्यामुळे त्याचा दोष कधी दिसलाच नव्हता. स्टेजच्या शेवटच्या कोपऱ्यावर, मॅगझिनमध्ये चार-पाच गोळ्या उरलेल्या असताना, बोल्ट पुढे आला आणि अर्धवट थांबला. काडतुसाचे नाक खाली झुकून चेंबरच्या (नळीतील काडतुसाच्या जागेच्या) उताराला टेकले होते. स्प्रिंग इतक्या लांब मॅगझिनला पुरत नव्हती. वरची काडतुसे तिने नीट उचलली, पण शेवटी तिच्यात बळ उरले नाही. टोपी कोणी बनवली हे येथे महत्त्वाचे नाही. कार्बाइन उत्तम असूनही त्या दिवशी मी मॅगझिनमुळे हरलो.

मॅगझिनचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. ग्लॉकसारख्या पिस्तुलाच्या मॅगझिनमध्ये काडतुसे दोन रांगांत बसतात, पण तोंडाशी येताना एकाच रांगेत येतात. काडतूस मधोमध येत असल्यामुळे ते चेंबरकडे सरळ जाते. मात्र दोन रांगांची एक होताना घर्षण वाढते आणि शेवटची काही काडतुसे भरताना अंगठा अक्षरशः दुखतो. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे कोल्टच्या जुन्या ९ मिलिमीटर कार्बाइनचे, एमपी५चे, सिग एमपीएक्सचे आणि सीझेड स्कॉर्पियनचे मॅगझिन, काडतुसे तोंडापर्यंत दोन रांगांतच राहतात आणि आळीपाळीने डावीकडून व उजवीकडून सुटतात. ही मॅगझिने भरायला सोपी असतात. ग्लॉकच्या मॅगझिनची बाजू अशी की ती सर्वत्र मिळतात, स्वस्त असतात आणि पिस्तूल व कार्बाइन दोन्हींना चालतात. एमपीएक्सचे मॅगझिन एमपीएक्ससाठीच बनवलेले असते आणि महाग असते. यूएसपीएसएच्या या गटात मॅगझिनच्या लांबीवर बंधन नाही, त्यामुळे लांब मॅगझिन विश्वासार्हपणे चालणे हाच खरा प्रश्न उरतो.

यंत्रणेच्या बाबतीत चार घराणी लक्षात ठेवली तरी पुरे. रुगर पीसी कार्बाइन, सीझेड स्कॉर्पियन, बेरेटा सीएक्स४ स्टॉर्म आणि जेपीच्या जीएमआर-१५सारख्या एआर (एआर-१५ रायफलीच्या) धाटणीच्या बहुतेक कार्बाइन या साध्या ब्लोबॅकवर, म्हणजे कुलूपबंद न होणाऱ्या जड बोल्टवर, चालतात. एमपीएक्समध्ये वायूवर चालणारा छोट्या फेऱ्याचा पिस्टन आणि फिरून कुलूपबंद होणारा बोल्ट आहे. एमपी५ आणि जेपी-५ रोलरने बोल्ट उघडण्यास विलंब साधतात. सीएमएमजीच्या कार्बाइनमध्ये बोल्टचे कान तिरके कापलेले असतात आणि त्यामुळे बोल्ट मागे सरकण्याआधी त्याला फिरावे लागते. शेवटच्या तिन्ही घराण्यांत बोल्ट हलका ठेवता येतो आणि म्हणून रेड डॉट दुर्बिणीतील नेमाचा ठिपका कमी हलतो. माझ्या मते एमपीएक्स हाताळायला या सर्वांत सुखद आहे, पण तिला साफसफाई अधिक लागते, आणि ज्याला साफसफाईचा कंटाळा आहे त्याने ती घेऊ नये.

आपापले अनुभव जरूर लिहावेत, विशेषतः माझा क्रम ज्यांना पटत नाही त्यांनी.

प्रतिसाद : ब्लोबॅकवर थोडा अन्याय झाला आहे

मॅगझिनविषयीचे म्हणणे मान्य आहे, पण ब्लोबॅक म्हणजे धक्का आणि विलंबित यंत्रणा म्हणजे मऊपणा अशी सरळ विभागणी करता येणार नाही. साध्या ब्लोबॅकमध्ये बोल्ट नळीशी कुलूपबंद होत नाही. गोळी बाहेर पडून दाब उतरेपर्यंत पुंगळी चेंबरमध्ये धरून ठेवण्याचे काम केवळ बोल्टचे वजन आणि काही अंशी स्प्रिंग करते. म्हणून एआर धाटणीच्या ९ मिलिमीटर कार्बाइनमध्ये बोल्ट आणि त्यामागचा बफर (धक्का झेलणारा दांडा) मिळून अर्ध्या किलोहून अधिक वजन पुढे-मागे धावत असते. हे वजन मागे जाऊन आपटते तेव्हा ठिपका वर उडतो आणि परत येऊन बंद होते तेव्हा तो नेमलेल्या जागेच्या खाली बुडी मारतो. खांद्याला जाणवतो तो पहिला हिसका, पण दुसऱ्या गोळीचा नेम बिघडवते ती दुसरी बुडी. पुष्कळ जण धक्का कमी व्हावा म्हणून कडक स्प्रिंग बसवतात आणि ही बुडी वाढवून ठेवतात.

उपाय असा की बोल्टचा मागचा प्रवास गरजेपुरताच ठेवावा. मूळ एआरचा प्रवास त्याच्या लांब काडतुसासाठी आखलेला आहे. ९ मिलिमीटरला तेवढा लागत नाही. लांब बफर वापरला किंवा बफर नळीच्या तळाशी योग्य जाडीची चकती टाकली की बोल्ट लवकर थांबतो, फटका सौम्य होतो आणि बोल्ट अडवणारी कळ तुटण्याचा जुना रोगही जातो. मात्र वजन कमी करण्याच्या मोहात पडू नये. बोल्ट हलका झाला तर पुंगळी दाब उतरण्याआधीच बाहेर सरकते, फुगते आणि क्वचित फुटते. माझ्या कार्बाइनमधून बाहेर पडलेल्या प्रत्येक शंभरातील पाच-सहा पुंगळ्या मी उचलून पाहतो. तळाजवळ फुगवटा किंवा काजळीचा एकाच बाजूचा पट्टा दिसला तर काहीतरी चुकते आहे असे समजतो. ट्रिगरच्या हॅमरला आणि त्याच्या पिनांनाही ब्लोबॅकमध्ये अधिक मार बसतो, म्हणून मी जादा पिना सामानात ठेवतो.

प्रतिसाद : ठिपका आणि नळी यांतील उंचीचा कोणी उल्लेख केला नाही

धागा वाचून आनंद झाला, परंतु तुलनेतील एक गोष्ट सर्वांकडून निसटली आहे. एआर धाटणीच्या कार्बाइनवर रेड डॉटचा मध्य नळीच्या मध्यापासून साधारण साडेसहा सेंटिमीटर उंच असतो. पिस्तुलावर हे अंतर यापेक्षा बरेच कमी असते, म्हणून पिस्तुलाकडून कार्बाइनकडे येणारे नेमबाज येथे हमखास फसतात.

ठिपका २५ मीटरवर जुळवला असेल तर ५ मीटरवरील लक्ष्यावर गोळी ठिपक्याच्या सुमारे ५ सेंटिमीटर खाली लागते. यूएसपीएसएच्या लक्ष्यावर डोक्यातील ए भाग केवळ २ इंच उंच आहे, म्हणजे तेवढेच ५ सेंटिमीटर. आता असे लक्ष्य डोळ्यांसमोर आणा, ज्याचे धड पुढच्या ‘नो-शूट’ने (ज्यावर गोळी लागू नये अशा लक्ष्याने) पूर्ण झाकले आहे आणि वर फक्त डोके दिसते आहे. माझ्या पहिल्या स्पर्धेत मी ठिपका ए भागाच्या मधोमध ठेवला आणि दोन्ही गोळ्या शांतपणे झाडल्या. जवळ गेल्यावर दिसले की एक गोळी हनुवटीच्या रेषेवर, सी भागात लागली होती आणि दुसरी ‘नो-शूट’च्या वरच्या कडेला. नेम चुकलेला नव्हता. उंची लक्षात घेतली नव्हती. तेव्हापासून सरावाची सुरुवात मी ३, ५, ७ आणि १० मीटरवर एकेक गोळी झाडून करतो, म्हणजे त्या त्या अंतरावर ठिपका किती वर धरायचा हे डोळ्यांना आठवत राहते. त्याच जुळवणीत ५० मीटरवर गोळी पुन्हा ठिपक्याजवळ येते, त्यामुळे लांबच्या लक्ष्यांची वेगळी चिंता करावी लागत नाही.

आडोशामागून नेम धरतानाही हेच अंतर आडवे येते. ठिपक्यातून लक्ष्य स्वच्छ दिसते, पण नळीचे तोंड अजून पिंपाच्या किंवा भिंतीच्या कडेमागेच असते. तुलना करताना प्रत्येक कार्बाइनवर दुर्बिणीची पट्टी नळीपासून किती उंच बसते हे मोजून पाहावे. दस्त्यावर गाल नैसर्गिकपणे टेकत असेल तर ठिपका थोडा खाली बसवणे मला हितकारक वाटते.

प्रतिसाद : पहिली कार्बाइन घेणाऱ्याने काय करावे?

मी चार वर्षे पिस्तुलाने स्पर्धा खेळतो आहे आणि आता कार्बाइनच्या गटात उतरायचे आहे. वरील सर्व चर्चा वाचून थोडे दडपण आले. बोल्टची जुळवणी करण्याइतके ज्ञान माझ्याकडे नाही. माझे पिस्तूल ग्लॉक आहे आणि त्याची आठ मॅगझिने माझ्याजवळ आहेत. अशा वेळी आपण काय सुचवाल?

धागाकर्त्याचे उत्तर

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. आठ मॅगझिने हाताशी असतील आणि ती पिस्तुलात बिनचूक चालत असतील, तर ग्लॉकच्या मॅगझिनवर चालणारी कार्बाइनच घ्यावी. रुगर पीसी कार्बाइनबरोबर ग्लॉकची मॅगझिने घेणारा मॅगवेल (मॅगझिन बसवायचा भाग) दिलेला असतो आणि तो बदलणे घरी सहज जमते. तिच्या बोल्टमध्ये टंगस्टनचे सरकते वजन आहे, जे बोल्टच्या मागोमाग येऊन फटका शोषून घेते. त्यामुळे वरच्या प्रतिसादात सांगितलेली जुळवणी आपल्याला पहिल्या दिवशी करावी लागणार नाही. ती मधोमध दोन भागांत सुटते, साधारण तीन किलो भरते आणि तिचा बोल्ट ओढण्याचा खुंटा डाव्या किंवा उजव्या बाजूला लावता येतो. मर्यादाही सांगतो : दस्ता जुन्या रायफलच्या धाटणीचा आहे, आणि मॅगझिन बदलताना हाताला पिस्तुलाची सवय असेल तर सुरुवातीला तो चाचपडतो. एआर धाटणीची आणि ग्लॉकची मॅगझिने घेणारी कार्बाइन घ्यायची असेल, तर बोल्ट शेवटच्या गोळीनंतर मागे अडकून राहतो का, हे स्वतः तपासावे. सर्वच नमुन्यांत ही सोय नसते, आणि रिकाम्या चेंबरवर हॅमर पडल्याचा आवाज स्पर्धेच्या मध्यावर ऐकणे फार क्लेशदायक असते.

पहिल्या महिन्यात कोणताही भाग बदलू नये. पाचशे गोळ्या झाडाव्यात, प्रत्येक मॅगझिन पूर्ण भरून पूर्ण रिकामे करावे आणि अडथळा आला की कोणत्या मॅगझिनमध्ये व कितव्या गोळीला आला ते लिहून ठेवावे. सुरक्षेच्या सवयीही पिस्तुलापेक्षा वेगळ्या आहेत. कार्बाइनला म्यान नसते, त्यामुळे स्टेजबाहेर ती पिशवीत किंवा चेंबरमध्ये रंगीत फीत घालून, नळी उभी ठेवूनच न्यावी लागते. स्टेजवर डावीकडून उजवीकडे धावताना लांब नळी १८० अंशांची रेषा (जिच्यामागे नळी वळू नये ती) कधी ओलांडते ते कळतही नाही, आणि ती ओलांडली की स्पर्धा तेथेच संपते. विशेषतः मागच्या दिशेने सरकताना नळी लक्ष्यांकडेच राहील असा रिकाम्या कार्बाइनचा सराव आधी करावा.

प्रतिसाद : स्टील चॅलेंजसाठी निकष वेगळे आहेत

धागाकर्त्यांचा क्रम धावपळीच्या स्टेजसाठी योग्य आहे, पण स्टील चॅलेंज ही पोलादी लक्ष्यांची स्पर्धा खेळणाऱ्यांनी तो जसाच्या तसा घेऊ नये. तेथे आठ ठरलेल्या स्टेज असतात, प्रत्येकीवर पाच पट्ट्या (पोलादी लक्ष्ये) असतात आणि प्रत्येक स्टेज पाच वेळा खेळून सर्वांत खराब वेळ वगळली जाते. केवळ ‘आउटर लिमिट्स’ चार वेळा खेळली जाते. एका फेरीला दहा गोळ्यांचे मॅगझिनही पुरते. एखाद्या फेरीत काडतूस अडकले तर तीच फेरी वगळली जाते, म्हणजे मॅगझिनच्या चुकीला एकदा माफी आहे.

तेथे कार्बाइनची सुरुवात नळी खाली झुकवून, समोर जमिनीवरील खुणेकडे रोखून करायची असते. टायमर वाजला की नळी वर येऊन पहिल्या पट्टीवर थांबली पाहिजे, आणि मग एका पट्टीवरून दुसरीवर झपाट्याने सरकून तेवढ्याच झपाट्याने थांबली पाहिजे. थांबणे हा कळीचा शब्द आहे. पुढे जड असलेली नळी सुरू व्हायला उशीर करते आणि पट्टी ओलांडून पुढे जाते. म्हणून तेथे पातळ नळी, हलका पुढचा भाग आणि वजन दस्त्याकडे असलेली कार्बाइन मला सरस वाटते. काही उत्पादक नळी खरोखर आखूड ठेवतात आणि तिच्यावर हलके आवरण घालून कायदेशीर लांबी पूर्ण करतात, त्यामागचे कारणही हेच. सोळा इंची नळीत पिस्तुलाची दारू तोंडापाशी पोहोचेपर्यंत जवळजवळ जळून गेलेली असते, त्यामुळे तेथे बसवलेल्या कॉम्पेन्सेटरला (वायू वर सोडून नळी खाली दाबणाऱ्या जोडाला) काम करायला वायूच उरत नाही. आखूड नळीत तो थोडा तरी मिळतो. लांब नळीवर वजनदार कॉम्पेन्सेटर लावणे म्हणजे फायदा नसताना पुढचे वजन वाढवणे होय.

प्रतिसाद : काडतुसावरही चार ओळी

पॉवर फॅक्टर म्हणजे गोळीचे ग्रेनमधील वजन गुणिले फूट प्रतिसेकंदातील वेग भागिले हजार, आणि मायनरसाठी तो १२५ लागतो. कारखान्याचे ११५ ग्रेनचे काडतूस लांब नळीतून साधारण १२५० फुटांच्या वेगाने जात असेल तर हा आकडा १४४ च्या घरात जातो, म्हणजे गरजेपेक्षा पुष्कळ अधिक धक्का आपण फुकट सोसतो. जे स्वतः काडतुसे भरतात त्यांनी वेग कार्बाइनमधूनच मोजावा, पिस्तुलावरून अंदाज बांधू नये. हलक्या गोळीला लांब नळीत वेग बराच वाढून मिळतो, तर १४७ ग्रेनच्या जड गोळीला फारच थोडा. म्हणून जे काडतूस कार्बाइनमधून १३० भरते तेच पिस्तुलातून १२५ च्या खाली जाऊ शकते, आणि वेग मोजणीच्या टेबलावर कमी भरले की त्या स्पर्धेतले आपले गुण मोजलेच जात नाहीत. दोन्ही शस्त्रांसाठी एकच काडतूस वापरणाऱ्यांनी पिस्तुलाचा आकडा आधार मानावा. थंडीत वेग उतरतो, हेही ध्यानात असू द्यावे. मी १३० च्या खाली कधीच जात नाही.

धागाकर्त्याचे उत्तर

ब्लोबॅकविषयीचा आक्षेप मी मान्य करतो. काल माझ्या जुन्या एआर धाटणीच्या कार्बाइनमध्ये चकती टाकून पाहिली आणि दुर्बिणीमागे फोन बांधून मंदगतीने चित्रण केले. आधी ठिपका वर जाऊन खाली येताना लक्ष्याच्या पांढऱ्या वर्तुळाबाहेर निसटत होता. आता तो वर्तुळाच्या खालच्या कडेला स्पर्श करून परत मध्यावर येतो. खांद्याला मात्र फरक जवळजवळ जाणवला नाही. खांद्याच्या भरवशावर तुलना करू नये असे मी सुरुवातीला म्हटले होते, त्याला हा एक चांगला पुरावा मिळाला. ठिपक्याच्या उंचीचा मुद्दा मी मांडायलाच हवा होता, तो राहून गेला.

मॅगझिनच्या बाबतीत मात्र मी मतावर ठाम आहे. माझ्या सर्व मॅगझिनांच्या तळावर पांढऱ्या रंगाने क्रमांक टाकलेले आहेत आणि वहीत प्रत्येकाचे वेगळे पान आहे. चार क्रमांकाच्या पानावर गेल्या तीन सरावांत दोन नोंदी झाल्या, दोन्ही शेवटून तिसऱ्या गोळीच्या. काल त्याची स्प्रिंग काढून नव्या स्प्रिंगशेजारी ठेवली तेव्हा ती दोन वेटोळ्यांइतकी आखूड झालेली दिसली. नवी स्प्रिंग बसवली आहे; पण सलग दहा वेळा पूर्ण भरून पूर्ण रिकामे होईपर्यंत चार क्रमांक कमरेच्या पट्ट्यावर जाणार नाही.